घोडीच्या नावावर खपवलेला खोकला

मला दमा आहे. हे तीन शब्द मोठ्याने म्हणायला मला बावन्न वर्षं लागली. नाटकात काम करणाऱ्या बाईला एवढं सोपं वाक्य पाठ होऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे, पण दोष माझा एकटीचा नाही.

आमच्याकडे या दुखण्याला पुष्कळ नावं होती, हे एक सोडून. माहेरी अकोल्याला आई त्याला 'छातीची सर्दी' म्हणायची. लग्न ठरताना मुलाकडच्यांना सांगितलं गेलं, की मुलीला धूळ सोसत नाही. त्यांनी त्याचा अर्थ घेतला, मुलगी फार स्वच्छतेची आहे. सासूबाई खूश झाल्या. मी रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यातल्या, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात, घरात आले आणि पहिल्याच दिवाळीत माळा झाडायला चढले. माझी स्वच्छता तिथेच उघडी पडली. माळ्यावरून मला अर्धवट निळ्या अवस्थेत खाली उतरवलं गेलं.

सासूबाई मात्र खमक्या. आरडाओरडा नाही, रडारड नाही. गरम पाणी हातात दिलं, पाठ चोळली आणि बजावलं, "हे पाय, घरात खोकायचं तेवढं खोक. पाऱ्यात बोभाटा नको. एकदा का लोकायनं दमेकरी म्हटलं, की घरातल्या पोट्ट्यांचे लग्न अडून राहतात. आन तो पंप कोणासमोर काढू नको. पंप लागला की सुटत नाही म्हनतात."

म्हणून माझा पंप, म्हणजे दम्याचा इन्हेलर, चष्म्याच्या घरात राहू लागला. मला चष्मा नव्हता. पण काळं, कडक, खटकन मिटणारं ते चष्म्याचं घर मी भाजीला, देवळात, लग्नाला, सगळीकडे मिरवलं. गोल बाजारात मिरची-मसाल्याच्या दुकानांजवळ आलं की मी भिंतीकडे तोंड करून ते तोंडाशी न्यायची. एकदा भांड्यांच्या दुकानदाराने मोठ्या काळजीने विचारलं, "दीदी, आप चश्मा खाती हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, सूंघती हूँ." त्यानंतर तो मला फार अदबीने वागवायचा. वेड्या माणसांना लोक वागवतात तसं.

तक्रार एकच होती. पंप नेहमी माझ्या अंदाजाच्या आधी संपायचा. मी वर्षानुवर्षं तो बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या.

आता घोडी. आमच्या मागच्या अंगणाची भिंत आणि घोडीवालीच्या तबेल्याच्या आवाराची भिंत एकच. घोडीवाली म्हणजे पन्नाशीची विधवा बाई. नवरा गेल्यावर लोकांनी सांगितलं, घोडी विकून टाक, बाईमाणसाचं हे काम नाही. तिने त्याच आठवड्यात नवऱ्याचा फेटा स्वतःच्या डोक्याला बांधला आणि वरातीत लगाम धरून चालायला लागली. पांढरीशुभ्र घोडी, तिला ती 'बेटी' म्हणायची. मला दीदी, सासूबाईंना अम्मा.

आठ वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले. मी मागच्या खोलीत पोह्यांवर कोथिंबीर पेरत होते. फोडणीचा धूर छातीत गेला आणि मी सुरू झाले. भात्यासारखी. बैठकीतलं बोलणं थांबलं. मुलाच्या आईने विचारलं, "आत कोणी आजारी आहे का?"

सासूबाईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "कोनी नाही वो. मागं तबेला आहे. घोडी खोकून राहिली."

लग्न जमलं. त्या दिवसापासून ही आमच्या घरची पद्धतच झाली. मी खोकले की घरातला जो जवळ असेल तो खिडकीकडे बघून म्हणायचा, "घोडी!" नवरा म्हणायचा, दीर म्हणायचे, नंतर तर मीही म्हणायला लागले. खोकून झालं की श्वास सावरत मी स्वतःच म्हणायची, "बिचारी घोडी." काय तो बेरकीपणा! घरकाम करणारी बाई, दूधवाला, शेजारीण, सगळ्यांनी ते ऐकलं. हळूहळू अशी वेळ आली, की पाऱ्यात कुठेही खोकल्याचा आवाज आला तर लोक तबेल्याकडे बघायचे.

याचा परिणाम काय होईल, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर घोडीवाली आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिचा फेटा हातात होता.

"दीदी, बैंडवाला बोल दिया. कहता है, पूरा पारा बोलता है तेरी घोड़ी खाँसती है. दूल्हा ऊपर बैठा और वो खाँसी, तो मेरी इज्जत जाएगी. देवउठनी के पहले आके देखेगा. खाँसी तो दूसरी घोड़ी ले लेगा."

"मग?" मी विचारलं. देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशी, लग्नांचा हंगाम तिथूनच सुरू होतो.

"फिर क्या. ईंटभट्टीवाला पूछ के गया है. गाड़ी में जोतेगा." ती उठली. "सबसे जादा तो आप ही लोग सुनते हो ना अम्मा, दीवार के उस पार से. रात-दिन खाँसती है क्या मेरी बेटी?"

सासूबाई माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. आमच्या घरात एवढी शांतता मी त्याआधी एकदाच ऐकली होती, टीव्ही जळला तेव्हा.

घोडीवाली हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. ती घोडीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली, आणि तिच्यामागून तबेल्यात एक तरुण डॉक्टरीण आली. ही डॉक्टरीण घोड्यांच्या श्वासावर संशोधन करत होती. घोड्यांना दमा होतो, माणसासारखाच, हे तिच्याकडून पहिल्यांदा कळलं. तिच्याबरोबर माणसांचा एक डॉक्टरही त्या कामात होता. तबेल्याची जी धूळ घोडीच्या छातीत जाते तीच आसपासच्या माणसांच्या छातीत जाते, तेव्हा दोघांनाही तपासायचं, असा त्यांचा विचार. म्हणून तिच्या फॉर्मचे दोन भाग होते. वरचा घोड्याचा, खालचा शेजाऱ्यांचा.

ती आमच्या दारात आली आणि तिने चांगल्या मराठीत विचारलं, "काकू, घरात कोणाला दमा, शिंका, अॅलर्जी?"

"कोनालेच नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कोणालाच नाही," मीही म्हणाले. चष्म्याचं घर माझ्या हातात होतं.

ती हसली आणि गेली. पुढचे दोन दिवस सकाळी तबेल्यात स्टूल टाकून वही घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीवरून तिचं डोकं वर आलं.

"काकू, घोडी खोकते. खरंच खोकते. पण फक्त पैरा टाकताना." पैरा म्हणजे इकडे भाताचा पेंढा. "बाकीचे सगळे खोकले भिंतीच्या या बाजूचे आहेत."

"अगं, आवाज घुमतो इथे," मी म्हटलं.

"घुमत असेल. पण घोडी खोकल्यानंतर 'अगं बाई गं' म्हणत नाही."

मी हातातला टॉवेल तोंडावर घेतला. हसावं की रडावं कळेना. शेवटी तिच्याकडे विनवणी केली, की हे कोणाला सांगू नको. ती म्हणाली, "तुमचं गुपित तुमच्यापाशी. मी घोड्यांची डॉक्टर, तुम्हाला औषध सांगणार नाही, त्यासाठी आमच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे या. पण तुमचा खोकला मी घोडीच्या नावावर लिहिणार नाही."

मग तिने घोडीवालीला तिची चूक दाखवली, आणि ती चूक प्रेमाची होती. घोडीवाली फार नीटनेटकी. पेंढा घोडीला धुळीचा जाऊ नये म्हणून ती प्रत्येक पेंढी आपटून, झटकून साफ करायची. कुठे? तबेल्यात, दार लावून, घोडीच्या नाकापुढे. संध्याकाळी डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची, तोही दार लावून, म्हणजे वाया जाऊ नये. आणि घोडीच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, एक जाड वळ उठला होता. तो दाखवून घोडीवाली लोकांना अभिमानाने सांगायची, "देखो, कैसा कसा हुआ बदन है."

डॉक्टरणीने त्या वळावर हात ठेवला. "दीदी, ये ताकत नहीं है. साँस बाहर फेंकते-फेंकते पेट की मांसपेशी मोटी हो गई है. घोड़ा मुँह से साँस नहीं ले सकता. नाक बंद, तो सब बंद."

घोडीवालीचा चेहरा पडला. ती बराच वेळ तो वळ चोळत उभी राहिली, जणू चोळून तो जाणार होता.

त्यानंतर तबेल्याचा कायदा बदलला. पेंढा आधी पाण्यात बुडवायचा, मग ओलाच जमिनीवर टाकायचा. घोडीवाली कुरकुरली, "गीला पैरा तो गाय भी मुँह फेर ले." घोडीने तोंड फिरवलं नाही, चाटूनपुसून खाल्लं. धूर बंद. घोडी दिवसभर बाहेर, झाडाखाली. आणि सकाळ-संध्याकाळ पंप.

हो, पंप. माझ्या पंपाचाच भाऊबंद. डॉक्टरणीने तेलाचा प्लास्टिकचा डबा कापून, कडेला मऊ कापड शिवून त्याचा मुखवटा केला होता. तो घोडीच्या नाकावर चढवायचा, पलीकडून पंप दाबायचा. पहिल्या दिवशी घोडीने डबा भिरकावला. चौथ्या दिवशी ती आपणहून मान पुढे करायला लागली, कारण नंतर गुळाचा खडा मिळायचा. बघायला अर्धा पारा जमायचा. पोरं टाळ्या वाजवायची. म्हातारे म्हणायचे, "वा बेटी, वा!"

मी भिंतीआडून हे बघायचे आणि जळायचे. खरं सांगते, अगदी जळायचे. एक घोडी सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात पंप घेते, वर गूळ खाते. आणि मी, जिने या पाऱ्यात तीस वर्षं काढली, गणपतीच्या मंडपात नाटकं गाजवली, ती मोरीत नळ सोडून, आवाज बुडवून पंप घेते. गूळ तर सोडाच.

एकदा मी डॉक्टरणीला भिंतीवरून हळूच विचारलं, "तिला सवय नाही ना लागणार पंपाची?"

ती म्हणाली, "सवय श्वासाची लागते, काकू. ती जन्मतःच लागलेली असते."

देवउठनीच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास बॅन्डवाला आला. गोल पोट, रंगवलेल्या मिशा, बरोबर दोन ढोलवाले. त्याला घोडी ढोलापुढे बघायची होती. गल्ली भरली. सासूबाई आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. मी घोडीपासून दहा पावलांवर, गर्दीत. घोडीवालीने फेटा बांधला होता. लगाम तिने हाताला दोनदा गुंडाळून घेतला होता.

घोडी सजून आली, तिने ओला पेंढा खाल्ला. खोकली नाही. ढोल सुरू झाले. खोकली नाही. बॅन्डवाल्याने तिच्या नाकाशी कान नेला, मागे सरकून पोटाकडे बघितलं, मान डोलावली. पण ढोलवाले रंगात आले होते. ते नाचायला लागले आणि कच्च्या गल्लीतली सगळी धूळ उठली. ती सरळ माझ्याकडे आली. मी तोंडावर पदर घेतला. छातीत शिट्टी वाजायला लागली. चष्म्याचं घर मुठीत होतं. उघडून एकदा पंप ओढला असता तर भागलं असतं. पण समोर सगळा पारा! बोटं उघडेनात.

आणि तो फुटला. काय खोकला होता! नाटकातसुद्धा मला तसा जमला नव्हता.

ढोल थांबले. गल्लीतल्या प्रत्येक माणसाने, अगदी प्रत्येकाने, सवयीने घोडीकडे बघितलं.

"देखा?" बॅन्डवाला म्हणाला. "बोला था ना मैंने."

घोडीवालीने घोडीच्या मानेला मिठी मारली. घोडी शांतपणे उभी होती, कान टवकारून. ती माझ्याकडे बघत होती. आमच्या घरचे सोडले तर त्या अख्ख्या गर्दीत खरं माहीत असलेली तीच एक.

"अरे, ती नाही! मी खोकले!" मी ओरडले आणि पुढे झाले. "भैया, मैं खाँसी. दमा मुझे है. इतने साल से मैं ही खाँस रही हूँ, और नाम इसका लगा रहे हैं हम लोग!"

इथे गल्लीने सुस्कारा टाकायला हवा होता. नाटकात तसं होतं. बॅन्डवाला मात्र खो खो हसला.

"दीदी, आपको तो मैं पहचानता हूँ. गणपती में बैंड मैं ही बजाता हूँ. हर साल आप खाँस-खाँस के मरती हो, मेरे लड़के रोने लगते हैं. घोड़ी को बचाने के लिए एक्टिंग मत करो."

तीस वर्षांच्या रंगभूमीच्या सेवेचं हे फळ! मरणाऱ्या बाईची भूमिका दरवर्षी मी मागून घ्यायची, कारण स्टेजवर मोकळेपणी खोकता यायचं. लोक म्हणायचे, काय अभिनय! आता अभिनय म्हणूनच मेले.

मी चष्म्याचं घर खटकन उघडलं. पंप वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि हलवला. श्वास सोडला, तोंडात धरला, दाबला. आवाज न बुडवता. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरून बॅन्डवाल्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

"वो भी नाटक का सामान होगा," तो म्हणाला. पण आवाज जरा उतरला होता.

तेव्हा ओट्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"ए बॅन्डवाल्या!" सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "इकडं पाय. सून हाय माही. दमा हाय तिले. आली तवापासून हाय. घोडीचं नाव म्या लावलं, पयलं म्याच लावलं. तुले कोनाले दोष द्यायचा असन तर मले दे. घोडीले हात लावशील तं पाय!"

अर्धी मराठी त्याला कळली नसेल. काठी कळली. त्याने दोन्ही हात जोडले. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पदर नीट करून त्यांच्याकडे बघत होते. शेजारीण म्हणाली, "मग तो चष्मा?" मी म्हटलं, "नाही. कधीच नव्हता."

बॅन्डवाल्याने घोडीच्या गळ्यावर थोपटलं. "ठीक है. सीजन इसी का." यावर घोडीवालीने काय करावं? रडावं, पाया पडावं? तिने फेटा घट्ट केला. "हव. फेर मेरी बात भी सुन लो, भैया. जनरेटर मेरी बेटी के पीछे चलेगा, आगे नहीं. और उसकी नाक के सामने कोई अनार नहीं फोड़ेगा. मंजूर है तो बोलो." त्याने मिशीवर ताव दिला, पण मंजूर केलं.

दुपारी डॉक्टरीण फॉर्म घेऊन आली. मी ओट्यावरच बसून, मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. कधीपासून, कशाने, कितीदा. सासूबाई बाजूला ज्येष्ठमध चघळत होत्या. डॉक्टरणीने फॉर्मची घडी घातली, तशी त्या म्हणाल्या, "थांब वो बाई. खाली जागा हाय का अजून?"

"आहे ना, आजी."

"मंग लिही. मले बी."

मी वळून बघितलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

ज्येष्ठमध. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपणं. मिरची कुटायच्या दिवशी नेमकं देवळात जाणं. तीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला वाटायचं, म्हातारीच्या सवयी.

"आई! मग औषध काय घेत होता तुम्ही?"

"तुह्या चष्म्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "तू आंघोळीले गेली की."

डॉक्टरणीने वही तोंडावर धरली. मी ज्या पंप बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना त्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तो आम्हा दोघींनाही रागावला, आणि त्यांना त्यांचा स्वतःचा पंप मिळाला. मी त्यांना चष्म्याचं घर देऊ केलं. त्यांनी ते परत केलं. "कायले? लपवायचं काय आता त्यात?" आता पंप त्यांच्या कमरेला बटव्यात असतो, सुपारीशेजारी, आणि सुपारीसारखाच चारचौघांत निघतो.

देवउठनीनंतरची पहिली वरात आमच्याच गल्लीतून निघाली. दिवेलागणीची वेळ होती. पुढे घोडीवाली फेट्यात, मागे घोडी झुलीत, आरशांच्या माळा चमकत, जनरेटर पार शेवटी. अनार फुटले ते चौकाच्या पलीकडे, पण वारा आमच्या दिशेने होता. धूर ओट्यावर आला. आधी मी खोकले. मग सासूबाई. मग दोघी मिळून, एका सुरात. घोडी आमच्या पुढून मान ताठ ठेवून गेली. ती खोकली नाही.

वरातीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. ओट्याकडे.

सासूबाईंनी बटव्यातून पंप काढला, हलवला आणि हात उंचावून बॅन्डवाल्याला दाखवला. त्याने ट्रंपेट तोंडाला लावलं आणि आमच्यासाठी एक लांब, लांब सूर धरला.